आकेरी ते महाड, भुतांच्या बाजारातून

शुक्रवार : सावंतवाडी, आकेरी

माझा भाचा यूट्यूबवर भुताखेतांच्या गोष्टी सांगतो. आवाज चांगला आहे, गोष्ट नेमकी कुठे थांबवायची हे त्याला कळतं, आणि प्रत्येक व्हिडिओवर लाल अक्षरांत ‘सत्य घटना’ लिहिलेलं असतं. या खेपेला कोकणातल्या जागांवर जाऊनच चित्रण करायचं असं त्याने ठरवलं, तेव्हा मीही निघाले. माझं माहेर याच मुलखातलं. लहानपणी फुकट ऐकलेल्या गोष्टी आता कोण विकतंय आणि कोण विकत घेतंय, हे मला जवळून बघायचं होतं.

कोकणकन्येतून सावंतवाडी रोडला उतरलो. रिक्षावाल्या काकांना आकेरी म्हटल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही. “नायकांचो वाडो ना?” म्हणाले आणि मीटर पाडलं.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर 2016 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिचं चित्रीकरण आकेरीत झालं. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, 2021 मध्ये तिसरं. अण्णा नाईक आणि शेवंता ही नावं घराघरांत गेली आणि मालवणी बोली विदर्भातल्या माणसालाही कळू लागली. सुरुवातीला कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून आक्षेप घेतले गेले होते. त्या आक्षेपांत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मालिका ही गोष्ट आहे असं सांगूनच दाखवली जात होती. ज्या गावाचं नाव तालुक्याबाहेर फारसं कुणी घेत नव्हतं, तिथे लोक वाट काढत यायला लागले.

घर खासगी मालकीचं आहे, त्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. कौलारू, ऐसपैस, दुपारच्या उन्हात अगदी साधं. भाच्याचा चेहरा उतरला. “मावशी, इथे भीती वाटण्यासारखं काहीच नाहीये.” खरंच नव्हतं. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या. भीती कॅमेऱ्याच्या कोनात, निळ्या दिव्यांत आणि पार्श्वसंगीतात होती, म्हणजे ती बनवणाऱ्या माणसांच्या हातात होती.

नाक्यावरच्या चहावाल्या मावशी म्हणाल्या, “शूटिंग होता तेव्हा दूध पुरत नाय होता. आता सुट्टीत गाडये येतत. फोटो काढतत आणि भूत खंय रवता म्हणान इचारतत.” त्या काय उत्तर देतात असं मी विचारलं. “रामेश्वराचा देऊळ दाखवतंय. ता बगा म्हणतंय, चांगला आसा.” आम्ही ते पाहिलं. चांगलं आहे, आणि भर दुपारीही आत गार असतं.

शनिवार : आरवली

वेंगुर्ल्याकडून शिरोड्याला जाताना आरवली लागतं. इथला वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा अधिपती. शहरातल्या माणसाला हे नाव भयंकर वाटेल, पण गावाला तो राखणदार वाटतो. मूर्ती माणसाहून कितीतरी उंच आहे. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची असायची, आता पंचधातूची आहे. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणतात आणि चपला आणतात.

त्या चपला हातात घेऊन बघाव्यात अशा आहेत. माझं कोपरापासून बोटांपर्यंतचं सगळं अंतर एका चपलेत मावून वर जागा उरते. जाड कातडं, दुहेरी शिवण, अंगठ्याला गोल पट्टा. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, त्यामुळे चपला झिजतात अशी श्रद्धा. भाच्याने एक जोड उलटा करून तळाचं चित्रण केलं. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी त्याला हटकलं नाही. फक्त म्हणाले, “बाळा, नीट ठेव हा. कोणाच्या तरी नवसाचो आसा.”

वेतोबाच्या अवतीभवतीसुद्धा पैसा फिरतो. चपला शिवणारा, केळी विकणारा, नारळवाला, रिक्षावाला, जत्रेतला खाजेवाला, सगळ्यांचं घर त्यावर चालतं. त्याच्यावर ‘क्षेत्रपाल श्री देव वेतोबा’ ही दूरचित्रवाणी मालिकाही येऊन गेली. पण इथल्या व्यवहारात भीतीच्या बदल्यात काहीतरी मिळतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याला वाटतं की सीमेवर कुणीतरी जागं आहे. वर्षाला राखण द्यायची, म्हणजे आपल्या जमिनीच्या राखणदाराला नारळ किंवा कोंबडा द्यायचा, आणि ती देताना ही जमीन आपली एकट्याची नाही हे पुन्हा एकदा मान्य करायचं. कोकणातल्या देवराया अशाच टिकल्या. तिथली काडी तोडायची नाही, राखणदार बघतो. त्या धाकाने वाचलेले वृक्ष आणि त्यांच्या मुळाशी जिवंत राहिलेले झरे मी लहानपणापासून बघितलेत.

भाच्याला मी म्हटलं, व्हिडिओत हे सांग. तो म्हणाला, “मावशी, लोक तीस सेकंदांत पुढे जातात. पहिल्या तीस सेकंदांत किंकाळी लागते.” तो खोटं बोलत नव्हता. माणसं जितका वेळ थांबतील तितक्या जाहिराती दिसतात आणि त्यावरच त्याला पैसे मिळतात.

शनिवारची रात्र

जत्रांचे दिवस. वाटेवरच्या एका गावात दशावतार होता, म्हणून थांबलो. देवळामागे लोखंडी पेट्या उघड्या पडलेल्या. एका पिवळ्या दिव्याखाली एक गृहस्थ आरसा मांडीवर घेऊन स्वतःचा चेहरा रंगवत होते. आधी चेहऱ्यावर सफेता, मग भुवया काजळाने कपाळापर्यंत ओढलेल्या, ओठांच्या कोपऱ्यांतून लाल सुळे. दशावतारात रंगवणारा वेगळा नसतो, ज्याचा त्याने रंगवायचा. सुळे काढताना त्यांचा हात जराही हलला नाही. मध्येच घरून फोन आला. “होय गो, औषध घेतलंय,” असं सांगून त्यांनी दुसरा सुळा पूर्ण केला.

दीड तासाने तेच गृहस्थ आरोळी ठोकत बाकावर चढले, तेव्हा पुढे बसलेली पोरं आयांच्या पदराआड गेली. लिहिलेली संहिता नाही. पेटी, मृदंग, झांज आणि जिभेवरचे संवाद, एवढ्यावर रात्र निघते. राक्षस मरतो, पहाटे दहीकाला होतो आणि घाबरलेली पोरं काला खाऊन घरी जातात. भीतीचा एवढा नेटका हिशेब दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेला नाही. जी निर्माण केली ती उजाडायच्या आत त्यांनीच मिटवली. भाच्याने चित्रण थांबवलं होतं आणि तो नुसता बघत होता.

रविवार : माहेरी

माहेर म्हणजे आता काकी आणि काजूची बाग. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं जे घडलं त्याचा तिथल्या घरांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे.

आमच्या वाडीच्या टोकाला एक बंद घर आहे. मालक मुंबईला परळला असतात, गणपतीत आणि शिमग्याला येतात. उरलेलं वर्ष कुलूप. कोकणात अशी घरं प्रत्येक वाडीत आहेत. गिरण्यांच्या काळापासून माणसं पोटासाठी मुंबईला गेली आणि मागे कुलपं राहिली. दोन वर्षांपूर्वी कुणा पोरांनी रात्री कुंपणावरून उडी मारून त्या घराचा व्हिडिओ काढला. ‘या वाड्यात रात्री कोण रडतं?’ त्यात सांगितलं की इथली सून बाळंतपणात मेली आणि अळवंतीण होऊन फिरते.

काकीच्या आवाजात मी एवढा राग कधी ऐकला नव्हता. “ता माझ्या वांगडाक शाळेत होता,” ती म्हणाली. ती सून आणि काकी शाळेत बरोबर होत्या. त्या बाईला पावसाळ्यात कळा लागल्या, होडी पलीकडे जात नव्हती, आणि दवाखाना पलीकडेच. खूप रक्त गेलं. तिला नाव होतं, उखाणे छान घ्यायची, आणि तिच्या हातची सोलकढी अख्ख्या वाडीला माहीत होती. तिचा मुलगा आज पन्नाशीचा आहे. त्याने तो व्हिडिओ फोनवर पाहिला. घर विकायचं होतं, गिऱ्हाईक आलं आणि ‘त्या’ घराबद्दल ऐकून परत गेलं.

सगळ्या प्रवासात मला जे सांगायचं होतं ते मला इथे सापडलं. जुन्या गोष्टीतली अळवंतीण घाबरवायची खरी, पण ती ऐकणारी प्रत्येक बाई बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ हे जाणून होती आणि गरोदर सुनेला एकटी सोडत नव्हती. विकताना तो भाग गळतो. उरते पांढऱ्या साडीतली किंकाळी, आणि ती कुणाच्या तरी आईच्या नावावर.

अमेरिकेतल्या सेलम गावात 1692 मध्ये चेटकीण ठरवून 19 माणसांना फाशी दिलं आणि एकाला छातीवर दगड रचून मारलं. ती शेजारपाजारची माणसं होती. 1982 पासून तिथे ऑक्टोबरात भुताखेतांचा उत्सव भरतो आणि 2022 च्या एका ऑक्टोबरात दहा लाखांहून जास्त लोक येऊन गेले. तिथे मेलेल्यांची स्मारकंही आहेत, तेवढं तरी त्या गावाने केलं. मरण जुनं झालं की त्याचा उत्सव होतो. आमच्या वाडीतल्या मरणाला अजून माणसं आहेत.

संध्याकाळी काकीने चकव्याची गोष्ट सांगितली. बाजार करून येणारा माणूस सड्यावर रात्रभर फिरत राहिला आणि पहाटे बघतो तर निघाला तिथेच. सडा म्हणजे मैलोगणती सपाट जांभा. ना झाड, ना खूण. काकीने शेवटी सांगितलं ते मी पूर्वीही ऐकलं होतं: “चकवो लागलो तर चलूचा नाय. थंयच बसायचा, विडी पेटवायची, उजाडल्याशिवाय हलायचा नाय.”

2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलं की गोल गोल फिरू लागली आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. म्हणजे चकवा लागतो हे अनुभव म्हणून खरं आहे. आणि काकीचा सल्ला अगदी बरोबर आहे. काळोखात, कड्याच्या तोंडाशी, न हलणं हेच शहाणपण. भाच्याने चकव्यावर तीन व्हिडिओ केलेत. ‘थंयच बसायचा’ हे तिन्हींत नाही.

जेवताना बायंगीचा विषय निघाला. तिथे मात्र गोष्ट संपते आणि व्यवहार सुरू होतो. बायंगी म्हणजे विकत मिळणारं भूत. भगताकडून पैसे मोजून आणायचं, घरात नारळात ठेवायचं, ते शेजाऱ्याची बरकत ओढून तुमच्या घरात आणतं अशी समजूत. एखाद्याचा बंगला झटपट उभा राहिला की कुजबूज सुरू, बायंगी आणली असेल. काकीच्या ओळखीतल्या एकाने कर्ज काढून असा नारळ आणला. बरकत आली नाही. मग ‘ती खवळली’ म्हणून तिला शांत करायला पुन्हा पैसे. ज्याने विकली त्यानेच उताऱ्याचेही घेतले. पोलिसांकडे तो गेला नाही, कारण काय विकत घेतलं हे कोणत्या तोंडाने सांगणार?

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे, दंड 5 ते 50 हजार. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणीच्या नावाने छळ, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. श्रद्धेला, देवळाला, जत्रेला त्याने हात लावलेला नाही. दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं खर्ची घातली. ‘मी तर नुसत्या गोष्टी सांगतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओत खरं म्हणून ऐकलेलं भूतच माणसाला त्या भगताच्या दारापर्यंत नेऊन सोडतं.

सोमवार : रत्नागिरी

भाच्याला प्रेक्षकांनी ‘थिबा पॅलेसमध्ये रात्र काढ’ असं सुचवलं होतं. रात्री तिथे कुणाला राहू देत नाहीत, आणि त्याचंच त्याला रहस्य वाटलं. राजस्थानातल्या भानगड किल्ल्याबाबत हेच झालं. पुरातत्त्व खात्याची तिथली पाटी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी येऊ नका एवढंच सांगते. वास्तू, जंगल आणि माणसं यांच्या काळजीचा नियम तो. पण ‘सरकारने मान्य केलेलं भूत’ म्हणून तो देशभर खपला.

थिबा राजवाड्यात आम्ही दुपारी गेलो. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा 1910 चा. त्यात तो सहा वर्षं जगला आणि 1916 च्या डिसेंबरात गेला. राणी पुढे रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र परत इथेच आली आणि गरिबीत इथेच संपली. वरच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. परत न जाणाऱ्या माणसाने रोज तोच समुद्र बघायचा. याहून अंगावर येणारं मला काही सुचत नाही.

रात्री लॉजवर भाच्याने पेटीतून एक यंत्र काढलं. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं, दिवे लुकलुकणारं. वायरिंग तपासायचं उपकरण, पण पाश्चात्त्य मालिकांमुळे ‘भूत शोधायचं’ म्हणून खपतं. पंख्याच्या रेग्युलेटरजवळ नेलं की सगळे दिवे लागायचे. असं साहित्य विकणं नवं नाही. मेलेल्यांशी बोलायचा म्हणून खपणाऱ्या ओईजा बोर्डाचं पेटंट अमेरिकेत 1891 चं. पुढे तो खेळणी बनवणाऱ्या पार्कर ब्रदर्सकडे गेला आणि 1967 मध्ये मोनोपॉलीपेक्षाही जास्त खपला. आपल्याकडे वाटी उपडी घालून प्लँचेट करणारी घरं मी पाहिली आहेत. वाटी आपलीच बोटं नकळत ढकलतात, हे मायकेल फॅरेडेने टेबलं हलवणाऱ्यांवर प्रयोग करून 1853 मध्येच दाखवलं होतं. त्यानंतरही बोर्ड खपत राहिले, कारण गेलेल्या माणसाशी एकदा बोलावं ही इच्छा फॅरेडेच्या प्रयोगाने मिटणारी नव्हती. त्या इच्छेची मी कधी थट्टा करणार नाही. तिच्यावर किंमत लावणाऱ्याबद्दल मात्र मला चीड आहे.

आणि सिनेमे? मला आवडतात. ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला तेव्हा थिएटरांत फार चालला नाही. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. त्याच वर्षी कोकणात घडणाऱ्या ‘मुंज्या’ने 100 कोटींचा टप्पा ओलांडला. तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं की तो गोष्ट विकत घेतोय. यात कुणाचं घर पडून राहत नाही. भाच्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, ‘सत्य घटना’ काढून बघितलं होतं, बघणारे निम्मे झाले. आणि त्याला खोलीचं भाडं भरायचं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मंगळवार : कशेडी, महाड

खेडच्या पुढे कशेडी घाट. रात्री गाडी थांबवणाऱ्या बाईच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध. वळणं, धुकं, रात्रभर जागे ड्रायव्हर आणि बेफाम वेग यांनी इथे किती घरं उजाडली ते महामार्गावरच्या माणसांना माहीत आहे. आता डोंगरातून बोगदा काढलाय. आमची गाडी काही मिनिटांत पलीकडे पोलादपूरच्या बाजूला निघाली.

महाडला थांबायचा आग्रह माझा. इथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम मला भाच्याला सांगायचं होतं. कोकणातला लाल विंचू चावला की दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसांत पाणी आणि तोंडातून फेस. माणूस, बहुतेकदा लहान पोर, डोळ्यांदेखत जायचं. दवाखान्यातही नक्की उपाय ठाऊक नव्हता, त्यामुळे लोक विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे न्यायचे. बावस्करांनी सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिली, आणि रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही गोळी या विषावर चालते हे 1980 च्या दशकात दाखवून दिलं. 40 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात हे बोलणं शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे बाबा ऐकत होते. त्यांनी न विचारता पायजमा वर केला आणि घोट्याजवळची जागा दाखवली. आता तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ भाताच्या उडवीत विंचू चावून गेला, मांत्रिकाने रात्रभर मंत्र घातला आणि कोंबडा नेला. काही वर्षांनी त्यांना स्वतःला चावला, तेव्हा बापाने मांत्रिकाला बोलवू दिलं नाही. खाटेवर घालून चौघांनी डोंगर उतरवला.

“मग?” भाच्याने विचारलं.

“मग काय, डॉक्टरने गोळी दिली. दर तीन तासांनी बघून जायचे. तिसऱ्या दिवशी मी चालत घरी.”

भाच्याने फोन टेबलावर उभा केला आणि बाबांना पहिल्यापासून सांगायला सांगितलं. ठाण्याची आमची गाडी सुटून गेली. बाबा भावाचं नाव, वय आणि त्या दिवशी त्याने घातलेला सदरा कुठल्या रंगाचा होता इथपासून सुरुवात करत होते.